अर्ध्या मिलिमीटरचा श्रावण

“दिसायला तर चांगली दिसतीय की तुमची पोर,” गिरिजाअक्का आईला म्हणाली.

त्या दोघी बाहेर अंगणात होत्या आणि मी आत खिडकीचा गज धरून उभी होते. गज सोडला की खोली डावीकडे सरकायची. गिरिजाअक्का आमच्या शेजारची. घरात कन्नड, पण आईशी मात्र हट्टानं मराठीत बोलायची. “ताप जाऊन महिना झाला म्हणता. मग पंचमीला पोरीनं घरात कशाला बसायचं हो? पाठवा तिला झोक्यावर.”

“चक्कर येती म्हणती अजून,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“अय्यो, झोक्यावर चक्कर सगळ्यांनाच येती! त्याच्यासाठीच तर बसायचं!”

मला हसू आलं. हसताना मान हलली, आणि गज पुन्हा घट्ट धरावा लागला.

यंदाही श्रावण लागला आणि आमच्या गल्लीच्या टोकाला कडुलिंबावर माणसं दोर बांधायला चढली. हुबळी-धारवाडकडे नागपंचमी जितकी नागाची तितकीच झोक्याची. सासरी गेलेल्या मुली येतात, घराघरात शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळ्यांच्या पिठाचे लाडू होतात, ज्वारीच्या लाह्या फुटतात आणि ज्या झाडाची फांदी माणसाचं वजन पेलेल त्या झाडाला झोका लागतो. मी भाजी घेऊन परत येत होते. वरून दोराचं वेटोळं सुटलं, ओल्या मातीवर धप्पकन पडलं, आणि माझा हात आपसूक बाजूच्या फाटकाकडे गेला. खिडकीचा गज धरून उभी होते त्या पंचमीला चार वर्षं झाली. पाय अगदी स्थिर होते. हाताला मात्र आठवण होती.

त्या वर्षी आषाढात ताप आला. गल्लीत घरटी एक माणूस आडवं झालेलं. व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल, असं सगळे म्हणायचे आणि सगळ्यांचा उतरायचाही. माझाही उतरला. पाचव्या दिवशी सकाळी आईनं कपाळाला हात लावला, “गेला बाई एकदाचा,” म्हणाली, आणि मी न्हाणीघराकडे जायला उठले. तीन पावलं टाकली असतील. समोरची भिंत सावकाश, अगदी न घाबरवता, माझ्या अंगावर आली.

लोकांना वाटतं चक्कर म्हणजे गरगर. पहिले दोन-तीन दिवस ती तशी होती. मग जे मागं राहिलं त्याला मला कुठल्याच भाषेत शब्द सापडेना. जमीन गादीसारखी मऊ लागायची. जिना उतरताना प्रत्येक पायरी हवी त्यापेक्षा दोन बोटं खाली असायची. आईनं चुरमुऱ्याचा डबा वरच्या फळीवरून काढायला सांगितला की मान वर करण्याआधी मी मनात तयारी करायची, पोहता न येणारा माणूस विहिरीत उतरण्याआधी करेल तशी.

आणि डोकं. डोक्यात जणू कुणी ओलं कापड भरून ठेवलं होतं. वर्तमानपत्रातल्या बातमीचं शेवटचं वाक्य वाचेपर्यंत पहिलं पुसलेलं असायचं. एकदा अप्पांना पाणी द्यायला गेले आणि हातातल्या वस्तूकडे बघत राहिले. तिचं नावच आठवेना. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. इंग्रजी हा माझा आडोसा. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी त्याच्यामागं लपायची. समोरचा दबकायचा आणि मी सुटायची. त्या तापानं आधी तो आडोसाच नेला. मग मराठीतले शब्द जायला लागले. त्या दिवशी तिथंच उभी असताना मनात आला तो ‘चंबु’ हा कन्नड शब्द, दारावर दही घेऊन येणाऱ्या बाईच्या तोंडचा. तिनं कधीतरी पाणी मागताना वापरला असेल. ‘तांब्या’ अर्ध्या तासानं आला. मी तो लहान मुलीसारखा दोनदा मोठ्यानं म्हटला.

अप्पा मला हुबळीला घेऊन गेले, देशपांडे नगरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे. मला वाटलं होतं, ते कानात बॅटरी मारून औषध लिहून देतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं तीन वेटोळी काढली, एकमेकांना काटकोनात.

“हे तुमच्या कानाच्या आत आहे. हाडात कोरलेलं. तीन नळ्या, आणि तिन्हींत मिळून थेंबभर पाणी. तुम्ही मान वळवली की पाणी जरा मागे रेंगाळतं. त्यानं आतले बारीक केस लवतात. मेंदूला कळतं, मान वळली.”

“आणि हिला काय झालंय?” अप्पांनी विचारलं. अप्पा शाळामास्तर. त्यांना उत्तर आधी लागतं, स्पष्टीकरण नंतर.

“विषाणूनं एका बाजूची शीर सुजवली. आता डावा कान एक सांगतो, उजवा दुसरंच. दोन साक्षीदार दोन तोंडांनी बोलायला लागल्यावर न्यायाधीशानं काय करायचं? तो दिवसभर त्यांचंच ऐकत बसतो. बाकीच्या कामांना त्याच्याकडे वेळ कुठून उरणार?” मग माझ्याकडे वळून, “मेंदू शिकेल. पण झोपून राहिलात तर नाही शिकणार. हलत राहायचं. चक्कर येऊ द्यायची.”

“किती दिवस?”

“महिने म्हणा, मास्तर.”

ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. औषधाची बाजू फिकट झाली, वेटोळी शाबूत आहेत. परतीच्या बसमध्ये मी ती मांडीवर उघडून बसले होते. तेवीस वर्षं मी या जगात उभी होते, चालत होते, शाळेत लंगडी खेळले होते, पावसाळ्यात निसरड्या उतारावरून सायकल सोडली होती, आणि मला कोण उभं धरून ठेवतंय हे ठाऊकसुद्धा नव्हतं. एक थेंब पाणी. ना कधी आवाज, ना मोबदला, ना एक दिवसाची सुट्टी.

त्या श्रावणात मला सगळी माणसं डोंबारी वाटायची. बसचा कंडक्टर कशालाही न धरता चालत्या गाडीत उभा, एका हातात तिकिटांची चळत, कानाला पेन्सिल, गाडी वळणावर कलली की तोही तिच्यासोबत कलायचा आणि मधल्या मधे एका म्हातारीशी हुज्जत घालायचा. दहीवाली डोक्यावर तीन मडकी एकावर एक रचून आमच्या गल्लीचा चढ चढायची. मान सरळ, पण डोळे सगळीकडे, कुणाच्या दारात कुठली रांगोळी इथपर्यंत. कोपऱ्यावरचं एक दीड वर्षाचं पोर पायरीला धरून उभं राहायचं, हात सोडायचं, दोन क्षण तसंच राहायचं आणि मग मटकन बसून टाळ्या पिटायचं. टाळ्या कशासाठी आहेत हे अख्ख्या गल्लीत त्याला आणि मला दोघांनाच कळत होतं.

पण हे सगळं मी कुणाला बोलले नाही. मी बोलत नाही, हा माझा स्वभावच. आणि त्या वर्षी न बोलण्याला एक कारणही होतं.

डिप्लोमा करून मी धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले होते, तपासणी विभागात. तिथं ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टमध्ये बसणाऱ्या पोलादी पिना तयार व्हायच्या. सोळा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब पीन. नांगर वर उचलला जातो तेव्हा त्याचं वजन तिच्यावर असतं. आमच्या विभागात मी एकटी मुलगी. काम मला मनापासून आवडायचं. लोखंड गप्पा मारत नाही, ‘लग्नाचं काय’ म्हणून विचारत नाही. आपण मोजायचं आणि ते खरं ते सांगतं. सहा महिने मला उमेदवारीवर घेतलं होतं. ते श्रावणातच संपत होते. मॅनेजरसाहेबांची सही झाली की कायम, नाही तर घरी. त्यात तापाच्या दोन आठवड्यांची रजा झालेली. मॅनेजर म्हणाले होते, “बघू.” या ‘बघू’ला मी इतकी घाबरले की डॉक्टरांच्या वेटोळ्यांबद्दल तिथं अवाक्षर काढलं नाही. ताप गेल्याचा कागद दिला आणि “एकदम बरी आहे” म्हणून टेबलाशी जाऊन बसले. उभं राहायची वेळ आली की टेबलाची कड धरायची, पण अशी, की सहज हात ठेवलाय असं वाटावं.

विभागाचे मुख्य हणमंतअण्णा. वीस वर्षं मोजमापात घालवलेला माणूस. बोटांच्या चिमटीत पीन फिरवून “ही जाड आहे” म्हणायचे आणि ती जाड निघायची. मला ‘तंगी’ म्हणायचे, धाकटी बहीण. कन्नडात बोलायचे, रागावले की मराठीत. मराठी ही शिव्यांसाठी सोयीची भाषा आहे असं त्यांचं मत होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मायक्रोमीटर शिकवला. त्याच्या दांड्यावर वर मिलिमीटरच्या रेषा असतात आणि खाली, दोन रेषांच्या मधोमध, अर्ध्या मिलिमीटरच्या. फिरतं टोपण मागं सरकतं तशी एकेक रेष उघडी पडते. खालची अर्ध्याची रेष उघडली की नाही हे नीट बघायचं. टोपणाच्या काठाशी ती जरा डोकावते आणि माणूस फसतो. १५.४८ ची वस्तू १५.९८ वाचली जाते. या धंद्यातला प्रत्येक नवखा ही चूक करतो. मीही पहिल्याच आठवड्यात केली. हणमंतअण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “अर्धा मिलिमीटर खाल्लास, तंगी! घरनं डबा आणला नव्हतास काय?” महिनाभर मला कुणी ना कुणी विचारायचं, “आज पोट भरलं का?” त्यानंतर ती चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी तीनशे पिना माझ्यासमोर आल्या. एरवी त्या गेजच्या दोन भोकांत घालून बघायच्या असतात, पहिल्यात गेली आणि दुसऱ्यात अडकली तर पास, नाही तर नापास. त्यात डोकं लागत नाही. पण गेज तपासणीला बाहेर गेलं होतं, म्हणून सगळ्या मायक्रोमीटरनं. त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. पत्र्यावर रिपरिप, यंत्रांवरच्या दुधाळ पाण्याचा आंबूस वास, हाताला गार लागणारी पीन, आकडा, दुसरी पीन, आकडा. दुपारनंतर आकडे कुणी तरी दुसरंच वाचतंय आणि मी लिहून घेतेय असं वाटत होतं. संध्याकाळी पेट्यांच्या पट्टीवर सही केली. सगळ्या पास.

दुसऱ्या दिवशी पंचमीची सुट्टी. गिरिजाअक्काच्या त्या बोलण्यानंतर मी चप्पल घातली आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मुलींनी गलका केला, “आली, आली, इंग्लिश मीडियम आली!” मी झोक्यावर बसले नाही. कडुलिंबाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिले.

तेवढ्यात गिरिजाअक्काची सासू आली. सत्तरीच्या पुढची, इरकली लुगडं, तोंडात तंबाखू. तिनं ओचा खोचला, फळीवर उभी राहिली आणि सून “अत्ती, नको हो” म्हणेपर्यंत गुडघे वाकवून जोर घेतला. एक, दोन, तीन. पाचव्या झोक्याला तिची पावलं आमच्या डोक्यावरून गेली. लुगड्याचा लाल काठ, मागं राखाडी आभाळ. परत येताना तिचे डोळे दिसले. ती ना आमच्याकडे बघत होती, ना खाली. लांब कुठं तरी एका ठिकाणी नजर रोवली होती आणि बाकी सगळं तिच्याभोवती हलत होतं. माझ्या तळहाताखाली बुंधा थरथरत होता. प्रत्येक हेलकाव्याला तो एवढासा कलायचा आणि परत यायचा. एवढं मोठं झाड, तेही उभं राहण्यासाठी सारखं काहीतरी करत होतं. मला एकदम रडू येईल असं वाटलं. दुःख म्हणून नव्हे. देवळात गाभाऱ्यातला दिवा अचानक जवळून दिसावा तसं झालं.

“चक्कर नाही येत, अज्जी?” ती उतरल्यावर मी कन्नडात विचारलं.

“येती की,” ती म्हणाली, थुंकली आणि लाडू मागितला. “येती, जाती. आपण दोर सोडायचा नाही.”

पुढं डॉक्टरांनी मला शिकवला तो व्यायामही काहीसा तसाच होता: अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान हलवायची, हळू, मग जोरात. जग ढवळून निघायचं, अंगठा तेवढा जागेवर. रोज तीनदा. आई दारातून बघायची आणि काळजीनं पुन्हा आत जायची. केव्हा कमी झालं ते सांगता येत नाही. संक्रांतीच्या सुमाराला एकदा लक्षात आलं की मी बाजारातून दोन पिशव्या घेऊन आले आणि रस्ताभर पायांचा विचारच केला नाही. आतल्या न्यायाधीशानं माझ्या अपरोक्ष नवा हिशेब बसवला होता: डावा कान असं म्हणाला तर त्याचा अर्थ असा घ्यायचा. कुणी शिकवलं त्याला? मी तर नाही. मी फक्त अंगठा धरून उभी होते. आजही ताप, जागरण, लांबचा प्रवास झाला की जमीन क्षणभर मऊ लागते. पूर्वी मी घाबरायची. आता थांबते, आणि आत कुणी तरी कामाला लागलंय याचा अदब ठेवून गप्प उभी राहते.

पण हे सगळं नंतरचं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा टेबलाच्या खणात एक पीन होती. त्या तीनशेंतलीच, लोखंडाचा कडकपणा बघण्यासाठी बाजूला काढलेली. हात मोकळे होते म्हणून मी ती मोजली. १५.९८. छान. खाली ठेवली. का कोण जाणे, पुन्हा उचलली. १५.४८.

मी मायक्रोमीटर पुसला, डोळे पुसले, पुन्हा मोजली. अर्ध्याची ती रेष टोपणाच्या काठाशी होती. बाहेर आलेली? की यायची होती? मी जितका वेळ बघत होते तितका वेळ ती येत होती आणि जात होती. पीन तीच, हात तोच, बोटांचा दाब तोच, आणि आकडे दोन. तीनशे वेळा मी हे केलं होतं. त्यातल्या किती वेळा मी रेष पाहिली होती आणि किती वेळा सवयीनं धरून चालले होते? डॉक्टरांचं बोलणं तेव्हा खरं उमगलं. माझा मेंदू मला उभं ठेवण्यात इतका गुंतला होता की जिथं बघायला वेळ नव्हता तिथं त्यानं मायेनं आपल्या पदरची रेष ओढून दिली होती. भीती वाटलीच. तिच्याहून मोठं आश्चर्य वाटलं. केवढं करत होता तो माझ्यासाठी, आणि त्याच्यावर आता विश्वास ठेवता येत नव्हता.

फाटकाशी ट्रक लागला होता. पेट्या ठोकून झाल्या होत्या. गप्प बसले असते तर बहुधा काहीच झालं नसतं. यंत्रावरचा माणूस अनुभवी होता, पिना बहुधा बरोबरच असतील. आणखी तीन दिवसांनी माझ्या कागदावर सही होणार होती. ‘बहुधा’ या शब्दाभोवती मी बराच वेळ घुटमळले. मग कुठल्याशा शेतात वर उचललेला नांगर दिसला, आणि त्याच्या खाली वाकून चिखल काढणारं माणूस. त्याचा चेहरा दिसेना. पाय दिसले.

हणमंतअण्णा यंत्रांच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला, ट्रकच्या माणसाशी बोलत चहा पीत होते. मी निघाले. त्या दिवशी मी सहज हात ठेवल्याचं नाटक केलं नाही. वाटेतलं प्रत्येक टेबल, प्रत्येक यंत्राची कड उघड-उघड धरत गेले. लेथवरच्या दोघांनी माना वळवून पाहिलं. एकानं मशीन बंद केलं.

“काय तंगी? चहा?” अण्णांनी विचारलं, आणि मग माझा चेहरा पाहून कप खाली ठेवला.

मी सवयीनं इंग्रजी वाक्य जुळवायला गेले. ते मिळालं नाही. मी हातातली पीन पुढं केली.

“ही पीन तीनशेंतली ना? तू पास केलीस की. सही तुझीच आहे.” ते मराठीत बोलले. म्हणजे रागावायच्या बेतात होते.

ट्रकवाला घड्याळ बघत होता. माझ्या पायाखालची फरशी नेहमीसारखी डावीकडे निघाली होती. मी लोखंडी खांबाला धरलं, आणि इतके दिवस कारखान्यात कुणापाशी न बोललेलं बोलले:

“सही माझीच आहे, अण्णा. पण मोजलं तेव्हा मी बरी नव्हते, आजही नाही. मला चक्कर येते, आकडे धड दिसत नाहीत, आणि हे मी तुमच्यापासून लपवलं. गाडी थांबवा. सगळ्या पिना पुन्हा मोजायला हव्यात, आणि मी मोजत असताना कुणीतरी माझ्या शेजारी बसायला हवं.”